आउटलुकमधले संपर्क हलवायचेत: पीएसटी की सीएसव्ही?

दोन्हीकडे क्लासिक आउटलुकच (विंडोजवरचं जुनं, नेहमीचं आउटलुक) असेल, तर पीएसटीच, म्हणजे आउटलुकची स्वतःची डेटा फाइल घ्या. फोटो, नोंदी, गट सगळं जसंच्या तसं जातं. पण आवृत्त्यांचं अंतर आडवं येतं. आउटलुक 2003 पासून पीएसटीचा साचा युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं सामावणारी पद्धत) झाला. आउटलुक 97 ते 2002 ला ती फाइल उघडतच नाही. उलट जुनी फाइल नव्यात चालते. मात्र जुन्या साच्याला 2 जीबीची मर्यादा.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला निव्वळ मजकूर, त्यामुळे जीमेल, थंडरबर्ड (आउटलुकसारखंच ईमेल ॲप) कुणालाही चालतो. रकान्यांची नावं जुळली नाहीत तर आयात करताना मॅपिंग, म्हणजे कुठला रकाना कुठे जाणार हे सांगावं लागतं, एवढंच. खरी किंमत वेगळीच: फोटो गळतात, संपर्कगटही येत नाहीत. पन्नास जणांचा ‘सोसायटी कमिटी’ गट पुन्हा बांधत बसा! देवनागरी नावांचंही तेच. फाइल यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत) नसेल तर ‘सुनीता’च्या जागी ‘??????’ दिसतं. आणि ती एक्सेलमध्ये नुसती डबल-क्लिक करून सेव्ह करू नका. 022 ने सुरू होणाऱ्या फोन नंबरांचा पहिला शून्य उडतो. तपासायचीच असेल तर नोटपॅड बरं.

माझं मत? पीएसटी बॅकअप म्हणून ठेवा. दुसऱ्याला यादी द्यायची तर सीएसव्हीच, पण आधी नोट्सचा रकाना उडवून. लोक तिथे काय काय लिहून ठेवतात!