मातीचा बांध, काँक्रीटची भिंत की सौर पॅनल: पंचायतीने आधी काय घ्यावं?

आमच्या ग्रामसभेत एकाच रविवारी तीन मागण्या आल्या. नदीकाठाने काँक्रीटची संरक्षक भिंत बांधा, पंचायत घराच्या छपरावर सौर पॅनल बसवा, आणि एखाद्या संस्थेकडून गावाचा हवामान आराखडा करून घ्या. तिन्ही मागण्या मनापासून केलेल्या होत्या. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या मातीच्या बांधाचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मी काढलं तेव्हा उत्तर आलं, "ते कोमुनिदादचं आणि कुळांचं काम. पंचायतीचा काय संबंध?" कोमुनिदाद म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था.

गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी नदीकाठी किंवा खाडीकाठी आहेत. अशा गावात तुम्ही पंच असाल, किंवा ग्रामसभेत हात वर करणारे असाल, तर आज ना उद्या हीच निवड तुमच्यासमोर येईल. पैसा थोडा असतो आणि पहिल्या वर्षी एकच मोठं काम धड होतं.

आधी पाणी कुठून येतं ते पाहू, कारण सगळी निवड त्यावरच ठरते. उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2015 या काळात वर्षाला सुमारे 3.3 मिलिमीटरने वाढली. हाच वेग धरला तर तीस वर्षांत 10 सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्यापासून चार बोटं खाली उभं असतं, तिथे अर्धी वीत म्हणजे पाणी बांधावरून आत. त्यात भर पावसाची. पूर्वी चार दिवसांत पडायचा तेवढा पाऊस आता कधी कधी एका रात्रीत पडतो, आणि तो नेमका भरतीच्या वेळी पडला तर शेतातल्या पाण्याला बाहेर जायला वाटच राहत नाही.

भिंत आणि बांध

खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून तयार केलेली शेतजमीन. रायगडात खारभूमी म्हणतात तीच. गोव्यात अशी जमीन साधारण 17 ते 18 हजार हेक्टर आहे आणि तिचा इतिहास पोर्तुगिजांच्याही मागे जातो. तिचे दोन आधार, बांध आणि मानस. मानस म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा, रायगडकर जिला उघाडी म्हणतात ती. दगडी चौकटीत लाकडी दारं असतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. फटी चिखलाने लिंपायच्या, दार कुजलं की बदलायचं. वीज नाही, मोटर नाही.

आता काँक्रीटची भिंत. तिच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. रस्ता किंवा घरं अगदी पाण्याच्या कडेला असतील आणि रुंद बांधाला जागाच नसेल, तर भिंतीला पर्याय नाही. ती वेगाने उभी राहते आणि दिसते, म्हणून लोकांना धीर वाटतो. दरवर्षी चिखल घालायला माणसं शोधावी लागत नाहीत, आणि आज गावात तशी माणसं मिळणं खरंच कठीण झालंय.

पण भिंत मऊ गाळावर उभी असते. बांध खचला तर थोडा बसतो, वर माती घातली की पुन्हा उभा. भिंत खचली की तिला तडा जातो. लाट भिंतीवर आपटून परत फिरते आणि जाताना पायथ्याची माती ओढून नेते. आमच्या वाड्यावरच्या भिंतीखाली मी ओहोटीला वाकून पाहिलंय. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर तिथे मूठ आत जाईल एवढी पोकळी होती, आणि त्यातून येणारं पाणी भिंतीमागच्या भाताच्या मुळाशी शिरत होतं. वरून पाहणाऱ्याला भिंत ठणठणीत दिसायची. जिथे भिंत संपते तिथे प्रवाह वळून शेजाऱ्याचा मातीचा बांध खातो, ते वेगळंच. म्हणजे एका वाड्याचं संरक्षण दुसऱ्या वाड्याच्या बांधाला पडणाऱ्या खांडीच्या, म्हणजे भगदाडाच्या, बदल्यात होतं.

मातीच्या बांधाला नदीच्या अंगाला जांभ्या दगडांची रचाई असते, आत चिकणमाती, आणि समोर तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रांग असली तर लाटेचा जोर तिथेच मरतो. त्याची सर्वांत मोठी ताकद अशी, की तो दरवर्षी चार बोटं उंच करता येतो. समुद्र हळूहळू वर येतोय, बांधही हळूहळू वर नेता येतो. भिंतीची उंची मात्र बांधली त्या दिवशी कायमची ठरते.

बांधाचा शत्रू छोटा असतो. खेकड्याचं एक बीळ पुरतं. बोटभर बिळातून पाणी झिरपायला लागतं, आठवडाभर कुणी पाहिलं नाही की हातभर होतं, आणि पुढच्या उधाणाला खांड पडते. नदीतून खनिजाच्या बार्ज जातात तिथे त्यांच्या लाटाही बांधाची कड खातात. खांड पडली की खारं पाणी शेतात येतं आणि ती जमीन पुन्हा पिकायला एक-दोन पावसाळे जातात. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर शेतात तिवरं उगवतात, मग ती तोडायला कायदा आडवा येतो आणि शेत कायमचं जातं. तिवरांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांची जागा बांधाच्या बाहेर आहे, आत नाही.

माझा कौल बांधाला आहे, आणि त्याहून जास्त मानशीला. भिंत काय किंवा बांध काय, दोन्ही बाहेरचं पाणी अडवतात. आतलं पाणी बाहेर काढते ती फक्त मानस. भरतीच्या सहा तासांत पडलेला पाऊस शेतात साठून राहायला हवा आणि ओहोटी लागताच निघून जायला हवा. दार कुजलेलं असेल तर उत्तम भिंतीमागेही गाव बुडतं. म्हणून कुणी भिंतीचा प्रस्ताव आणला तर पहिला प्रश्न हा विचारा: आतलं पाणी कुठून जाणार?

मानशीचं एक दुखणं उघडपणे बोलायला हवं. तिथल्या मासेमारीचा लिलाव होतो. मासळी हवी असलेल्या माणसाला खारं पाणी आत घ्यावंसं वाटतं आणि भातवाल्याला ते बाहेर हवं असतं. पूर्वी गावकरीच्या, म्हणजे जुन्या कोमुनिदादीच्या, नियमांनी हे सांभाळलं जायचं, पेरणी ते कापणी दार भातासाठी आणि पुढे मासळीसाठी. जिथे हा करार मोडला तिथे बांध शाबूत असूनही शेत पडीक झालं. हा पैशाचा प्रश्न नाही, दोन्ही बाजूंना एका चटईवर बसवण्याचा आहे, आणि ते काम सरकारी खात्यापेक्षा पंचायत चांगलं करू शकते.

अधिकाराचा मुद्दा खरा आहे. बांधाची मालकी पंचायतीकडे नसते. कोमुनिदाद, कुळांच्या संघटना, मामलेदार, कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग असे अनेक हात त्यात आहेत आणि म्हणूनच कधी कधी एकही हात पुढे येत नाही. पण बांध फुटल्यावर पाणी शिरतं ते मतदारांच्या घरात, आणि खाऱ्या होतात त्या गावच्या विहिरी. पंचायतीने मालक व्हायची गरज नाही. या सगळ्यांना एप्रिलमध्ये, पावसाआधी, एकत्र बोलवावं, बांधावरून चालावं, कच्च्या जागा लिहून काढाव्यात आणि ठराव करून खात्याकडे पाठपुरावा करावा. बांधावर काम काढताना किनारी नियमनाचीही (सीआरझेड) चौकशी करावी. 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे आणि खाजन जमिनी राखण्याचं त्यात स्पष्ट लिहिलंय. पंचायतीला हा मोठा आधार आहे.

सौर पॅनल

हे चांगलं काम आहे, एवढंच की आमच्यासारख्या गावाचं ते पहिलं काम नव्हे. केरळात वायनाडच्या मीनंगाडी पंचायतीने 2016 मध्ये कार्बन-तटस्थ होण्याचं, म्हणजे गाव जेवढा कार्बन सोडतं तेवढाच शोषला जाईल असं करण्याचं, ठरवलं. त्यांनी आधी गावातलं उत्सर्जन मोजलं आणि मग शेतकऱ्यांना झाडं तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आणली. झाड तोडलं नाही तर पैसा मिळतो, हे शेतकऱ्याला समजणारं गणित आहे. जम्मूतल्या पल्ली गावात 2022 मध्ये 500 किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. दोन्ही उदाहरणं शिकण्यासारखी आहेत. पण पल्लीत उधाणाचं पाणी येत नाही. आमच्या गावाने उद्या एक युनिटही वीज वापरली नाही तरी मांडवीचं पाणी त्यामुळे खाली जाणार नाही. उत्सर्जन कमी करणं हे सगळ्या जगाचं मिळून काम आहे आणि त्यात आपला वाटा द्यायलाच हवा, पण आमच्या बांधाची खांड बुजवायला जगातून कुणी येणार नाही. पॅनलसाठी सरकारी योजनेतून पैसा मिळत असेल तर जरूर घ्या. बांधाचा पैसा तिकडे वळवू नका.

वेगळा आराखडा की विकास आराखड्यातच?

मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा आणला आणि पुढे 2024 मध्ये हवामानाचा वेगळा अर्थसंकल्पही मांडला. तेवढी यंत्रणा असेल तर वेगळा आराखडा शोभतो. सात-नऊ पंच आणि एक सचिव असलेल्या पंचायतीने बाहेरून जाड दस्तऐवज लिहून घेतला, तर तो कपाटात जाण्याचीच भीती जास्त.

ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी करावाच लागतो. त्याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि त्याच्या नऊ विषयांत जलसमृद्ध गाव आणि स्वच्छ व हरित गाव हे दोन आहेतच. हवामानाच्या ओळी तिथे घाला. ज्या ओळीसमोर रक्कम आणि महिना लिहिलेला असतो तीच ओळ पुढे सरकते. पैशाची बाजूही समजून घ्या. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी पंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग स्वच्छता आणि पाण्याला बांधून दिला होता. विहिरी, तळी, पावसाचं पाणी साठवणं ही कामं त्यात चपखल बसतात, बांध बसवायला ओढाताण होते. त्यामुळे बंधनमुक्त निधी रस्त्याच्या डांबरात संपण्याआधीच बांधाची मागणी नोंदवायला हवी.

वेगळ्या आराखड्याचा एक फायदा मी नाकारत नाही. कुठल्या घरात किती पाणी आलं, कुठली विहीर कुठल्या महिन्यात खारी होते, ही नोंद कुणीतरी ठेवायला हवी. पण त्याला सल्लागार कशाला? गावातल्या जैवविविधता समितीने, शाळेतल्या मुलांना सोबत घेऊन, एका वहीत ती ठेवली तरी पुष्कळ आहे.

बिनपैशाचं काम

तिन्ही मागण्यांत जे नव्हतं आणि ज्याला एक रुपयाही लागत नाही ते म्हणजे बांधकाम परवाना. नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आली तरी परवाना पंचायतच देते. शेतात माती टाकून भराव घातला जातो तेव्हा भरतीच्या सहा तासांत पाऊस साठवणारी जागाच जाते, आणि ते पाणी जुन्या, सखल घरांत जातं. एक भराव थांबवणं कित्येक मीटर भिंतीपेक्षा जास्त उपयोगाचं ठरतं. कठीण आहे, हे मला माहीत आहे. भराव घालणारा बहुतेकदा आपल्याच ओळखीचा असतो आणि पंचाला पुढच्या निवडणुकीत त्याच्याच दारात जायचं असतं. तरीही, पाणी वाढत असताना पंचायतीच्या हातात याहून धारदार हत्यार नाही.

डोंगराकडच्या गावांचा हिशेब वेगळा. सत्तरी, धारबांदोडा इथे खाजन नाही. तिथे जुलै 2021 मध्ये म्हादईच्या पुराने घरं पडली आणि मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. तिथल्या पंचायतीने पहिला पैसा काजूच्या बागा आणि जंगल यांच्या मधल्या पट्ट्याची पानगळ साफ करण्यात, झऱ्यांच्या वरची झाडी राखण्यात आणि नदीच्या पात्रालगत नवं घर उठू न देण्यात घालावा. फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या वसंत बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेवर घालणं आणि पावसाआधी काढणं हेही तिथलंच काम.

खाजनाच्या गावांनी भाताची गोष्टही सोडू नये. कोरगूट हा आमचा जुना, खारट जमिनीत टिकणारा भात. उत्पन्न कमी देतो, पण बांधातून खारं पाणी झिरपलं तरी उभा राहतो. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान नावाच्या खारपड सोसणाऱ्या जाती काढल्यात, त्या जास्त देतात. कुठला पेरायचा ते शेतकऱ्याने ठरवावं. पण काहीतरी पेरलं गेलंच पाहिजे, कारण पेरलेल्या शेताच्या बांधावर रोज माणूस चालतो आणि त्यालाच खेकड्याचं बीळ दिसतं.

आमच्या पुढच्या ग्रामसभेत मी मांडणार आहे ते इतकंच: पहिल्या वर्षी मानशीची दोन्ही दारं बदलायची, बांधावरच्या कच्च्या जागा पावसाआधी बुजवायच्या, आणि जून ते ऑक्टोबर दर अमावास्या-पौर्णिमेला बांधावरून फिरणाऱ्या एका माणसाचं मानधन विकास आराखड्यात लिहायचं. भिंत हवी ती फक्त रस्ता नदीला टेकतो त्या तुकड्यावर. सौर पॅनल दुसऱ्या वर्षी. मानशीवर वर्षानुवर्षं बसलेले आमच्या वाड्यावरचे काका कधी ग्रामसभेला येत नाहीत. या वेळी त्यांना घरून घेऊन यायचं माझ्याकडे लागलंय.