चिल्लर चाळताना काय शोधायचं: अपघात की वाण?

डब्यातली चिल्लर घेऊन बसणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: तुला अपघात शोधायचाय की वाण? बहुतेकांना दोन्ही एकच वाटतं. अपघात म्हणजे नाणं पाडताना काहीतरी बिनसलेलं. कोरी चकतीच वेडीवाकडी कापली गेली, किंवा छाप मधोमध न बसता एका अंगाला सरकला. वाण म्हणजे मुळात साचाच वेगळा, त्यामुळे त्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच फरक. आंबेमोहोर काय नि इंद्रायणी काय, दोन्ही तांदूळच. पण भात शिजवणाऱ्याला विचारा.

अपघातांत मान लखीचा. नाणं ठोकून झालं की ते बाहेर पडायला हवं. कधीतरी ते साच्यालाच चिकटून बसतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यासमोर येते. मग त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचे उठावदार सिंह, आणि पालटून बघावं तर तेच सिंह खोलगट, आरशात दिसावेत तसे उलटे. हीच लखी. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी डोळे मिटून दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवत बसलो होतो. पण ती मला सुट्ट्या पैशांत मिळाली नव्हती, प्रदर्शनात विकत घेतली होती. वीसेक वर्षांच्या चाळणीत लखी एकदाही हाताला लागलेली नाही. नकली मात्र भेटतात: दोन नाणी फिटरच्या वाइसमध्ये दाबून एकाचा छाप दुसऱ्यावर उमटवतात. ओळखायचं सोपं आहे. दाबलेल्या नाण्याची पलीकडची बाजू चेपून सपाट होते, आणि खोलगट छापाखाली मूळ चित्राचे अवशेष राहतात.

साध्या चिल्लरीत प्रत्यक्षात सापडतात ते किरकोळ अपघात. साच्याला तडा गेला की नाण्यावर केसासारखी उठावाची रेघ येते. साचा फिरला की छापा आणि काटा जुळत नाहीत. सिंह सरळ धरा, पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं उलटा. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. थोडीशी तिरकी दिसली तर हुरळून जाऊ नका, तेवढ्याला कुणी पैसे देत नाही. पार आडवी किंवा उलटी दिसली तर बाजूला ठेवा.

नवखा माणूस फसतो तो मात्र चूक नसलेल्या चुकांना. जुनं जाड ५ रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं, २००७ चं पोलादी ६ ग्रॅमचं, व्यास दोघांचा २३ मिलिमीटर. शेजारी ठेवली की वाटतं, हे पातळ नाणं चुकून पडलं. २०११ पासूनचं २ रुपयांचं नाणं तर २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या १ रुपयाच्या मापाचंच. चूक कसली, सरकारनंच तसं ठरवलेलं. झिजून पुसलेले अंक हाही अपघात नव्हे. असलं एक ‘बिनसालाचं’ नाणं मी ३०० रुपयांना घेतलं होतं. ते अजून ठेवलंय, शिक्षा म्हणून.

आता वाण. इथे सुरुवात सालाखालच्या खुणेपासून. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालाचं एकच नाणं चारही टांकसाळींचं जमवायला घेतलं की महिनाभर तरी पुरतं. मग परदेशात पाडून आणलेली. १९८५ च्या काही रुपयांवर सालापाशी इंग्रजी एच दिसतो, तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. १९९९ च्या काही पाचांवर सालाखाली तीन बारीक रशियन अक्षरं असतात, ती मॉस्कोची. जाड पाचांची कडाही बघा: काहींना मधोमध खाच आणि तिच्यात नक्षी, काहींना नुसते दाते. कडा कुणी बघतच नाही, म्हणून मला तिथे जास्त गंमत वाटते.

वाणांत खरा कस लागतो तो दुहेरी छापाला. अमेरिकेत १९५५ चा दुहेरी साच्याचा सेंट गाजला, साल नुसत्या डोळ्यांना दोनदा दिसतं. तो साचाच तसा घडला होता. आपल्याकडे ‘डबल’ म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा यंत्राच्या धक्क्यानं झालेलं असतं. भिंगाखाली अक्षराच्या कडेला पायरीसारखी सपाट पट्टी दिसली तर तो धक्का, किंमत शून्य. दोन्ही छाप गोलसर, उठावाचे आणि टोकाशी फाकलेले असतील तरच थांबून नीट बघा.

पैशाचं बोलायचं तर पारडं सरळ अपघातांकडे झुकतं. ठसठशीत लखीला गिऱ्हाईक लगेच मिळतं; हैदराबादच्या ताऱ्याला दर्शनी किंमतीपेक्षा फार कुणी देणार नाही. पण विकत न घेता, फक्त चिल्लरीतून छंद चालवायचा असेल तर अपघातांच्या मागे लागणं म्हणजे वाळवंटात विहीर खणणं. वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं लाखोंना जातं असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावानं कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्या बँकेनंच २०२१ मध्ये जाहीर केलंय.

चिल्लर कुठून आणायची यावरही निवड ठरते. बँकेतून नवी कोरी पिशवी मिळाली तर बहुधा एकाच टांकसाळीचा, एकाच सालाचा माल: वाणांसाठी निरुपयोगी, तडे आणि फिरलेले साचे शोधायला उत्तम, कारण झीज नाही. किराणावाल्याचा गल्ला किंवा देवळाची दानपेटी वाणांची. हल्ली दहा रुपयांच्या चहालाही लोक क्यूआर कोड मारतात, त्यामुळे गल्लाच आटलाय. मी आमच्या वाण्याला नोट देऊन त्याचे सुट्टे घेतो, चाळून उरलेले परत देतो. तो मला वेडा समजतो, पण पिशवी बाजूला ठेवतो.

म्हणून माझा कौल: पहिलं वर्ष वाणांना द्या. नेहमीचं नाणं कसं असतं हे बोटांत मुरलं नाही तर बिघडलेलं ओळखणार कशावरून? ज्याला एका बैठकीत थरार हवा, डोळे फोडायचा कंटाळा आहे आणि खिशात थोडे जास्तीचे पैसे आहेत, त्यानं चिल्लर सोडावी आणि विश्वासातल्या विक्रेत्याकडून एकच चांगला अपघात घ्यावा. दहापट भिंग दोघांनाही लागतं. दशांशात दोन आकडे दाखवणारा वजनकाटा अपघातवाल्याला जास्त.

आणि काही सापडलंच तर कडेनं धरा, घासू नका. आमच्या आजीनं माझा एचवाला रुपया देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून असा लख्ख केला होता, की आता त्याच्यावर अक्षरापेक्षा ओरखडेच ठळक दिसतात.