खणाची पर्स की जुन्या जीन्सची?

घरी पर्स शिवायची म्हटलं की पहिला प्रश्न कापडाचा. माझ्या मते खरी निवड दोनांतच आहे: खण, नाहीतर कपाटात पडून असलेली जीन्स.

खण देखणा, पण पर्सला एकटा पुरत नाही. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं हे कापड मुळात चोळीसाठी विणलेलं. अंगाने पातळ, आणि कापल्याबरोबर कडेचे धागे सुटू लागतात. म्हणून आधी मागून इस्त्रीने फ्यूजिंग, म्हणजे कापडाला ताठपणा देणारा चिकट थर, चिकटवायचं, मगच कात्री लावायची. मध्ये पातळ फोम, आत सुती अस्तर, आणि शिलाईला चांगली दीड सेंटिमीटर माया, म्हणजे टाक्याबाहेर सोडलेलं कापड. काठ पर्सच्या तोंडाशी आडवा घेतला तर वेगळी लेस लागतच नाही. खणाचं खरं सौंदर्य तिथेच खुलतं. धुणं मात्र शक्यतो टाळा, रंग उतरण्याची भीती असते.

जीन्सला फ्यूजिंगही नको आणि फोमही नको. तयार खिसे मिळतात, भाजीचं वजन पेलतं, मळली की धुता येते. अडचण जाडीची. चार पदर एकत्र आले की घरगुती मशीन अडतं. १६ किंवा १८ नंबरची सुई घाला, टाका मोठा ठेवा आणि तेवढा भाग चाक हाताने फिरवून शिवा.

पहिलीच पर्स असेल तर जीन्सच घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण द्यायचं असेल तर मात्र खणच हवा, आणि त्यात छोटे बटवे शिवा. एका ब्लाउजपीसमध्ये दोन-तीन सहज निघतात.