दत्तक, फॉस्टर केअर की आर्थिक पालकत्व : ‘एखादं मूल आणावं’ म्हणणाऱ्यांसाठी

ओळखीतलं एक जोडपं आहे. तो 52 चा, ती 49 ची. लेक शिकायला परगावी गेली आणि घरात दोघं आणि त्याची आई एवढीच माणसं उरली. मध्यंतरी जेवताना तिने विषय काढला, ‘‘एखादं मूल आणावं म्हणतोय.’’ आणावं म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर तीन उत्तरं आली. त्याच्या मनात दत्तक होतं. तिचं म्हणणं, चार-सहा वर्षं सांभाळू, शिकवू, पायावर उभं करू. आपलं नाव लावायलाच हवं असं काही नाही. आजींनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, ‘‘पैसे द्या की एखाद्या पोराच्या शिक्षणाला. घरात कशाला?’’

तिघांच्या मनातल्या या गोष्टी कायद्याच्या नजरेत पूर्ण वेगळ्या आहेत. दत्तक, फॉस्टर केअर म्हणजे प्रतिपालकत्व, आणि प्रायोजकत्व, ज्याला आपण आर्थिक पालकत्व म्हणतो. खर्च, वेळ, कागदपत्रं यांवरून तुलना करण्याआधी एक प्रश्न सोडवून घ्यावा असं मी त्यांना सांगितलं, तुम्हालाही सांगेन : मूल शेवटी कोणाचं राहणार?

दत्तकात ते तुमचं होतं. जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमची नावं येतात, वारसाहक्क मिळतो, जुनं कायदेशीर नातं संपतं. 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. फॉस्टर केअरमध्ये मूल तुमच्या घरी राहतं, तुमच्या घरून शाळेत जातं, आजारी पडलं तर रात्रभर तुम्ही जागता; पण आडनाव त्याचं त्याचंच राहतं, तुमच्या मालमत्तेत त्याला आपोआप वाटा येत नाही आणि ते तुमच्याकडे असतं ते बाल कल्याण समितीच्या, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या, आदेशाने. आर्थिक पालकत्वात मूल त्याच्या स्वतःच्या घरातून हलतच नाही.

आता या जोडप्याचंच गणित मांडू, कारण वयाची अट अनेकांना उशिरा कळते. ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या नियमांनुसार नवरा-बायकोच्या वयांची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती 85 च्या आत हवी, दोन ते चार वर्षांसाठी 90, चार ते आठसाठी 100 आणि आठच्या पुढच्या मुलासाठी 110. यांची बेरीज 101. म्हणजे तान्हं बाळ सोडाच, सहा वर्षांचं मूलही दत्तक मिळणार नाही. आठच्या पुढचं मिळू शकतं. ज्यांची बेरीज बसते त्यांनाही लहान बाळासाठी काही वर्षं वाट पाहावी लागते, कारण रांगेतले पालक भरपूर आणि कायदेशीररीत्या दत्तक देता येतील अशी बाळं मोजकी.

फॉस्टर केअरमध्ये चित्र उलटं आहे. इथे मूलच सहा वर्षांच्या पुढचं असतं. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार जोडप्याच्या वयांची बेरीज किमान 70 हवी आणि लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. याच सूचनांनी अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही दार उघडलं. वय 35 ते 60 मध्ये हवं. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. दत्तकातही हाच नियम आहे. पन्नाशीतल्या माणसांना दत्तकाच्या रांगेत जे वय आड येतं, तेच इथे जमेची बाजू ठरू शकतं.

पण सहाच्या पुढचं मूल म्हणजे आठवणी असलेलं मूल. त्याला आई आठवते, गाव आठवतं, एखादी धाकटी बहीण दुसऱ्या बालगृहात असते. त्याची बोली तुमच्यापेक्षा वेगळी असेल आणि तुमची आमटी त्याला गोड लागेल. काही मुलं पोळी उशीखाली लपवून ठेवतात. त्यांना रागवायचं नसतं, डबा भरून हाताशी ठेवायचा असतो. तुम्हाला काय हाक मारायची हा पहिल्या आठवड्यातला मोठा प्रश्न. ‘आई म्हण’ असं सांगू नका. काकू, मावशी चालतं. आई म्हणायचं की नाही ते त्याचं ते ठरवेल.

आणि जन्मदाते भेटायला येऊ शकतात. आई-वडील सांभाळण्यास असमर्थ ठरले म्हणून समितीने मूल दुसरीकडे ठेवलं असेल, तर बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 नुसार त्यांना ठरावीक काळाने मुलाला भेटता येतं. ते मुलाच्या हिताचं नाही असं समितीला वाटलं तरच नकार मिळतो. घरची घडी बसली तर मूल परतही जाऊ शकतं. माझ्या मते फॉस्टर केअरचा सगळा कस इथे लागतो. दोन वर्षं केस विंचरून दिलेल्या मुलीची बॅग हसत्या तोंडाने भरता येईल का? येणार नसेल, तर त्यात कमीपणा काही नाही. मग दत्तकाचा रस्ता धरावा आणि मोठ्या मुलाचा विचार करावा.

‘आधी फॉस्टर केअरमध्ये घेऊ, मग दत्तकच करू’ असा विचार बरेच जण करतात. तशी सोय आहे. मूल एकाच कुटुंबात दोन वर्षं राहिलं असेल आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळं असेल तर ते कुटुंब अर्ज करू शकतं. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता. मात्र रांग चुकवायची पळवाट म्हणून याकडे पाहू नये. अनेक मुलं दत्तकासाठी मोकळी नसतात, म्हणूनच फॉस्टर केअरमध्ये आलेली असतात.

देखरेखीतही फरक आहे. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी होते आणि मग तुमचे तुम्ही. फॉस्टर कुटुंबाची पाहणी कायद्याने दर महिन्याला करायची असते, आणि हेळसांड दिसली तर मूल काढून घेतलं जातं. कुणी येऊन मुलाशी एकट्याने बोलणार, वह्या बघणार, याचा ज्यांना राग येतो त्यांना हे जमायचं नाही. मला ही पाहणी गरजेची वाटते. ‘शिकवू आणि घरात थोडी मदतही होईल’ हे वाक्य मी चांगल्या घरांतून ऐकलंय. असल्या घरात मूल जाता कामा नये.

पैशाचं थोडक्यात. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेत फॉस्टर केअरसाठी मुलामागे महिना 4000 रुपये मिळतात. शहरात शाळेची व्हॅन आणि शिकवणी यांतच ते संपतील, त्यामुळे घरखर्च वाढेल असंच धरून चला. पण प्रायोजकत्वाची रक्कमही हीच आहे, आणि ती विधवा, परित्यक्ता किंवा दुर्धर आजारी पालकाच्या घरी जाते. म्हणजे आजींचं बोलणं वाटलं तितकं कोरडं नव्हतं. काही मुलं बालगृहात येतात ती केवळ घरी दोन वेळची सोय नाही म्हणून. महिन्याला तेवढी रक्कम नियमित पोहोचली तर ते मूल आईजवळच राहू शकतं. सरकारी मदतीखेरीज खासगी व्यक्तींनाही जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अशी जबाबदारी घेता येते. फक्त वर्षभर देऊन हात आखडता घेऊ नका. शाळा मध्येच सुटण्यापेक्षा आधीच कमी रक्कम ठरवलेली बरी.

इथे महाराष्ट्रातला एक घोळ. आपल्याकडे ‘बालसंगोपन’ म्हटलं की क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना डोळ्यांसमोर येते, महिना 2250 रुपयांची. तिचा लाभ मुख्यतः एक पालक गेलेल्या, स्वतःच्या घरी किंवा आजी-मामांकडे राहणाऱ्या मुलांना मिळतो. कार्यालयात जाऊन नुसतं ‘बालसंगोपन करायचंय’ म्हणालात तर हाच फॉर्म हातात पडेल. ‘अनोळखी मुलाला फॉस्टर केअरमध्ये घरी सांभाळायचं आहे’ असं स्पष्ट सांगा.

कार्यालय म्हणजे तुमच्या जिल्ह्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली असतो. ओळखपत्रं, उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय दाखला, पोलिस पडताळणी, ओळख सांगणारी दोन माणसं एवढी तयारी ठेवा. मग समाजसेवक घरी येऊन गृह अभ्यास अहवाल करतात, मुलाशी भेटी होतात, शेवटी समितीचा आदेश निघतो. दत्तकासाठी मात्र सुरुवात ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी करून. समाजमाध्यमांवर ‘बाळ दत्तक देणे आहे’ अशा ज्या पोस्ट फिरतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रक्रिया डावलून मूल घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गृह अभ्यासात घरातल्या सगळ्यांशी बोलतात. या जोडप्याने अर्ज आणलाय, फॉस्टर केअरचा, पण भरलेला नाही. लेक दिवाळीला येणार आहे. तिची खोली द्यायची तर आधी तिला विचारायला हवं, असं तिची आई म्हणाली. आजींनी मात्र परवाच विचारलं, येणारं पोर दूध पितं की चहा.