जाळी नवी कोरी, खाली ट्रॅपच नाही

ड्राय बाल्कनीची फरशी बदलायला काढली असेल, आणि इमारत पुण्यातल्या कोथरूड-सहकारनगरकडच्या जुन्या सोसायट्यांसारखी असेल, तर काम सुरू होण्याआधी हे वाचा.

आमच्या इमारतीत सांडपाण्याची लाइन बिडाची (ओतीव लोखंडाची) आहे. सांध्यात शिसं ओतायची जुनी पद्धत. वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात बिडाचाच नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं) होता, काठ गंजून झडलेला. ठेकेदाराने कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: जुना ट्रॅप काढून नवा पीव्हीसी ट्रॅप, बिडाच्या पाइपाला जोड, वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, कोबा, वर अँटी-स्किड फरशी. रक्कम ३२,००० रुपये. ट्रॅप बसवल्याचा फोटोही त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला.

काम दिसायला सुंदर झालं. चकचकीत स्टीलची जाळी, उतार नीट जाळीकडे. पण थोड्याच दिवसांत बाल्कनीत गटाराचा वास यायला लागला, मग झुरळं. मशीन पाणी सोडू लागलं की जाळीतून फेस वर यायचा, कारण मशीनचा पंप पाणी एकदम फेकतो आणि खाली ते तुंबत होतं. ठेकेदार म्हणाला, ‘‘नवं काम आहे साहेब, सेट व्हायला वेळ लागतो.’’ (पाइप सेट होतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं.) तेवढ्यात खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला ओल धरली होती.

दुसऱ्या प्लंबरने जाळी उचलून आत बॅटरी मारली आणि विचारलं, ‘‘पाणी कुठंय?’’ ट्रॅपच्या पोटात कायम सुमारे ५० मि.मी. पाणी साठून राहतं आणि तेच ड्रेनेजचा वास आणि किडे अडवतं. आमच्याकडे आत सगळं कोरडं. फरशी फोडल्यावर उलगडा झाला. जुन्या ट्रॅपचं वरचं तोंड फोडून, खालचा तडकलेला भाग तसाच ठेवून, त्यात ४० मि.मी.चा साधा एल्बो (पाइपाचा वाकडा जोड) खुपसला होता. आधीची वाट ७५ मि.मी.ची. बीड आणि पीव्हीसी यांच्यामध्ये जोडायला रबर रिंग किंवा कपलर काही नाही, नुसतं सिमेंट थापलेलं. सिमेंट गुळगुळीत पीव्हीसीला धरत नाही, गरम-गार पाण्याने पाइप हलला की भेग पडते. वॉटरप्रूफिंगच्या कोटांचाही पत्ता नव्हता.

मग तो फोटो नीट बघितला. त्यात मागे निळ्या टाइल्स आहेत. आमच्या बाल्कनीची भिंत पांढरी.

सगळ्यात हुशारी त्याने पाणी भरून दाखवण्यात केली होती. बाल्कनीत पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी पातळी तेवढीच. पण ते पाणी फरशी बसवून झाल्यावर भरलं होतं, आणि बोळा कोंबला होता थेट जाळीच्या तोंडाशी. म्हणजे पाणी त्या खोट्या सांध्यापर्यंत पोचलंच नाही. ही चाचणी वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि फरशीच्या आधी घ्यायची असते, निदान २४ तास. शिवाय सांध्यासाठी वेगळी: बोळा काढून बादल्या ओतायच्या आणि खालच्या घरात कुणीतरी छताकडे बघत उभं राहायचं. खालच्यांशी संबंध बरे असतील तर हे सोपं जातं.

ट्रॅप काही शे रुपयांचा असतो. चोरी त्याच्या किमतीची नसते, बिडाचा जुना सांधा सोडवायच्या मेहनतीची असते. शिसं काढायचं, पाइप न तडकवता मोकळा करायचा, यात वेळ जातो. म्हणून कोबा पडण्याआधी उघडा सांधा स्वतः बघा, फोटो तुमच्या फोनमधून काढा, आणि तो टप्पा पार पडेपर्यंत मोठी रक्कम हातात ठेवा. फोडलेला जुना ट्रॅप राडारोड्यात जाण्याआधी मागून घ्या. तो अख्खा बाहेर आला नसेल तर उरलेला भाग अजून जमिनीतच आहे.

पैसे परत मागितल्यावर ठेकेदार म्हणतो, ‘‘लाइन जुनी होती, तिची गॅरंटी कोण देणार?’’ जुना ट्रॅप बदलून त्या लाइनला नीट जोडण्याचेच पैसे त्याने घेतले होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार दिली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल, कोटेशन, निळ्या टाइल्सचा फोटो आणि तो ४० मि.मी.चा एल्बो एका पिशवीत बांधून ठेवले आहेत.