मार्चमधली एक सकाळ : शिवसागर, मायणी की येरळवाडी?

परतीच्या पाहुण्या पक्ष्यांसाठी मार्चमधली एकच सकाळ हाताशी असेल, तर सातारा जिल्ह्यात कोणता जलाशय गाठावा, असे अनेक जण विचारतात. त्यांच्या मनात पहिले नाव बहुधा कोयना धरणाच्या शिवसागरचे असते, कारण सुमारे १०५ टीएमसी साठ्याचा तो जिल्ह्यातील सर्वांत मोठा जलाशय आहे. पाणपक्ष्यांना मात्र पाणी किती यापेक्षा काठ कसा, याचेच अप्रूप असते. कोयनेच्या खोऱ्यात डोंगर थेट पाण्यात उतरतात, त्यामुळे तुतवार, शेकाटे आणि थापट्या बदके ज्या उथळ पाण्यात व चिखलात चरतात, ते तेथे फारसे मिळत नाही. शिवसागरला जावे ते काठच्या जंगलातील पक्ष्यांसाठी.

खरी निवड उरते ती खटाव तालुक्यातील दोन जलाशयांत. मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव गावालगत असून विट्याकडून किंवा साताऱ्याकडून सहज गाठता येतो; झाडांची सावलीही आहे, त्यामुळे लहान मुले आणि वयस्कर मंडळी सोबत असतील तर तो नक्कीच सोयीचा. या परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, याचे समाधान वाटते. तरीही तलावात गाळ साचत गेला आहे आणि एकेकाळी मायणीची ओळख असलेले रोहित पक्षी तेथे दिसतीलच, असे आता सांगता येत नाही. वारकरी, बगळे, करकोचे यांची ओळख करून घेणाऱ्या नवख्यांना मात्र तेथे सकाळ अपुरी पडेल.

परतीचे स्थलांतर पाहायचे असेल, तर माझे मत निःसंशय येरळवाडीकडे आहे. येरळा नदीवरचा हा जलाशय उथळ आणि पसरट आहे. थंडी सरते तसे पाणी मागे हटते आणि ओल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर मार्चच्या पूर्वार्धात पट्टकादंब हे रानहंस चरताना दिसले, तर दुर्बीण तेथेच स्थिर ठेवावी. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे, गवत खुडताना मधूनच ताठ होणारी एखादी मान आणि ती ताठ होताच चरणे थांबवणारा सारा थवा, हे दृश्य घाईने पाहण्याचे नाही. याच पक्ष्यांना पुढे हिमालय ओलांडून लडाख किंवा तिबेटकडे जायचे असते, आणि त्या प्रवासात सुमारे ७,००० मीटर उंचीवरून उडताना त्यांची नोंद झालेली आहे. एकदा छायाचित्राच्या मोहाने मी फार पुढे गेलो आणि तो थवा उठला. लांबच्या प्रवासासाठी अंगी चरबी साठवणाऱ्या पक्ष्यांना विनाकारण उडायला लावणे किती वाईट, हे तेव्हा मनाला लागले. ती चूक आपण करू नये.

मार्च संपता संपता पट्टकादंब निघून जातात, पण म्हणून एप्रिलचा पूर्वार्ध वाया गेला असे समजू नये. पिवळ्या धोब्यांचा हिवाळ्यातला मळकट रंग जाऊन छाती हळदीसारखी झालेली असते, आणि वाटेतल्या पळस-पांगाऱ्यावर भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे कलकलाट करीत असतात. रोहित पाण्याच्या खोलीप्रमाणे मुक्काम हलवतात, त्यामुळे निघण्यापूर्वी तेथील मच्छीमारांकडे पातळीची चौकशी जरूर करावी. पाणी वाढून चिखल बुडाला असेल, तर बेत पुढे ढकलणेच बरे.

येरळवाडीला सावली नाही, पाणी सोबतच न्यावे लागते, आणि दहानंतर उन्हाच्या झळांमुळे दुर्बिणीतून दूरचा पक्षी थरथरता दिसू लागतो. म्हणून सूर्य पाठीशी राहील अशा पूर्वेच्या काठावर उजाडतानाच पोहोचावे, नऊ-साडेनऊपर्यंत तेथेच थांबावे आणि वेळ उरल्यास डबा मायणीच्या झाडांखाली उघडावा.