‘ईसीएम गेलाय’ म्हणून माझे २४ हजार घेतले

मे महिन्यात आईला घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर गाडी चालता चालता बंद पडली. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. एका टेम्पोवाल्याने टोचन करून घाटापलीकडच्या गॅरेजात सोडलं. आई उन्हाने कासावीस झालेली, माझं सगळं लक्ष तिच्याकडे.

फिटरने स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. स्क्रीन मला दाखवली नाही. “साहेब, ईसीएम गेलाय. गाडीचा मेंदूच तो, इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. नवा टाकावा लागेल.” २४ हजार सांगितले, मी दिले. संध्याकाळी गाडी सुरू झाली.

पंधरा दिवसांनी बॅटरी बदलायला साताऱ्यातल्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. ईसीएमच्या बोल्टांवरची कंपनीची रंगाची खूण जशीच्या तशी होती, कनेक्टरवर जुनी धूळ. त्याने विचारलं, “काका, घरातली दुसरी चावी चालते का?” चालत होती. आमच्या गाडीत चाव्यांचे कोड ईसीएममध्येच नोंदलेले असतात. नवा बसवला असता, तर घरी पडलेल्या त्या चावीने गाडी सुरू झालीच नसती.

नवा होता तो फक्त क्रँक सेन्सर. क्रँकशाफ्टसोबत, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्यासोबत, एक दातेरी चाक फिरतं आणि हा सेन्सर त्याचे दाते टिपतो. बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांच्या जागा आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले. दाते मोजून आणि ती मोकळी जागा ओळखून ईसीएमला पिस्टन कुठे आहे ते कळतं, आणि त्यावरूनच तो पेट्रोल कधी सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा ते ठरवतो. सेन्सरचा सिग्नल थांबला की तो दोन्ही बंद करतो. तापल्यावर सेन्सरची आतली तार तुटते, गार झाल्यावर पुन्हा जुळते, असं नेहमी होतं. म्हणजे मेंदू शाबूत होता, त्याला खबर देणारा गेला होता. तो सेन्सर दीड हजारात येतो.

या बिघाडाचा स्कॅनरवर दिसणारा कोड बहुधा पी०३३५ असतो. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या आणि काढलेला जुना भाग हातात मागून घ्या. घाईत असाल, सोबत आजारी माणूस असेल, तरीही मागा. मी मागितला नाही.

गॅरेजात परत गेलो, तर “ईसीएम लिहिलंय का कुठे, दाखवा,” म्हणाला. कच्च्या चिठ्ठीवर फक्त ‘वायरिंग काम’ होतं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली आहे. तिथे पहिल्यांदा पक्कं बिल मागितलं, आणि तेच माझ्याकडे नाही.